सेफ्टी टाकीची परीक्षा

आमच्याकडे सेप्टिक टँकला त्या नावानं कुणी ओळखत नाही. बेला असो, जैनथ असो की आदिलाबादमधली नवी वस्ती, मराठी घरात ती ‘सेफ्टी टाकी’. गवंडी तेच म्हणतो, हार्डवेअरवाला तेच म्हणतो आणि खरं सांगायचं तर घरी मीही तेच म्हणतो. टाकी बांधली, वर फरशी बसवली, फरशीवर तुळशीची कुंडी ठेवली, की घर सेफ झालं अशी समजूत त्या नावातच दडलेली आहे. मग ती टाकी आठवते ती तुंबल्यावर किंवा पाहुण्यांसमोर वास सुटल्यावर.

हल्ली टाकीच्या पुढे आणखी काहीबाही जोडलं जातं. कुणी गिट्टीची गाळणी बसवतो, कुणी कर्दळ लावलेला वाफा करतो, तर कुणी ब्लोअरवर चालणारा तयार संच आणतो आणि बाहेर पडणारं पाणी परसातल्या झाडांना देतो. चांगलंच आहे. पण ही सगळी यंत्रणा काम करते की नाही हे तपासायचं कसं, ते विकणारा सांगत नाही. तो काचेच्या ग्लासात बाहेरचं पाणी धरून उजेडात दाखवतो. पाणी नितळ दिसतं, आपण मान डोलावतो. त्या ग्लासात साबण, लघवीतला अमोनिया आणि लाखो जंतू विरघळलेले किंवा तरंगत असले तरी पाणी नितळच दिसतं. डोळ्यांनी दिसतो तो फक्त गाळ.

आधी टाकीवर किती भार पडतो ते मोजा. मिशन भगीरथ या नळपाणी योजनेनं गावातल्या माणसामागे दिवसाला 100 लिटर आणि नगरपालिकेत 135 लिटर पाणी धरलं आहे. हापशावरून घागरी आणायचो तेव्हा एवढं पाणी वापरत नव्हतो, पण नळ दारात आला की हात सैल सुटतो. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज 400 लिटर. भारतीय मानक 2470 मध्ये पाच माणसांसाठी सांगितलेली लहान टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याच्या खोलीची आहे. तिच्यात अकराशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. संडासाबरोबर मोरीचं आणि धुण्याचं पाणीही तिच्यात सोडलं, तर रिकाम्या टाकीत पाणी जेमतेम पावणेतीन दिवस थांबेल आणि तिसरा हिस्सा गाळानं भरल्यावर दोन दिवसही नाही. बंबाजवळ बसून आठवडाभर बादल्या मोजणं कंटाळवाणं आहे, तेव्हा नळाला साधा मीटर लावा. आठ दिवसांचा आकडा हाती असल्याशिवाय बाकीच्या चाचण्यांना अर्थ नाही.

अमेरिकेत घरगुती संचांना प्रमाणपत्र देण्यासाठी ‘एनएसएफ 40’ नावाचं मानक आहे. त्यात संच सहा महिने, म्हणजे 26 आठवडे, चालवून बघतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ते त्याला मुद्दाम त्रास देतात. धुण्याच्या दिवशी एकापाठोपाठ एक यंत्रभर कपड्यांचं पाणी सोडतात. नोकरदार घरासारखं सगळं पाणी सकाळ-संध्याकाळच्या दोन झपाट्यांत सोडतात. 48 तास वीज तोडतात. आठ दिवस थेंबभरही पाणी न सोडता संच उपाशी ठेवतात आणि मग एकदम लोंढा सोडतात. एवढं झाल्यावरही बाहेरचं पाणी मर्यादेत राहिलं, तर पास.

ही चारही संकटं आपल्या घरात पंचांगाप्रमाणे ठरलेली आहेत. घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या, चादरी आणि पडदे दोन दिवसांत धुवून निघतात, हा आपला धुण्याचा दिवस. नवरा-बायको दोघं शिक्षक असतील, तर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर मोरी वाहते, मधे सगळं शांत. मेमधल्या वादळात तार तुटली की वीज कधी येईल याचा भरवसा नाही. आणि दिवाळीत माहेरी किंवा आषाढीला पंढरपूरला गेलं की घर आठ-दहा दिवस बंद. यात आमच्याकडची एक पाचवी कसोटी मी जोडतो. पुष्य अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा इंद्रवेल्लीकडच्या कितीतरी घरांत माणसांची संख्या तिप्पट होते. लग्नघराचंही तेच. तेव्हा नमुना घ्यायचा तो या दिवसांत आणि त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत. एरवीच्या शांत मंगळवारी घेतलेला नमुना विकणाऱ्याच्या उपयोगाचा, तुमच्या नाही.

नवा संच बसवल्यावर लगेच परीक्षा घेऊ नका. आतले जीवाणू रुजायला सहा ते आठ आठवडे सहज लागतात. जपानमध्ये घरगुती संचाला ‘जोहकासो’ म्हणतात आणि त्यासाठी 1983 पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात पहिली सक्तीची तपासणी वापर सुरू झाल्यावर तीन महिन्यांनंतर होते आणि मग दरवर्षी. त्यांची अट बाहेरच्या पाण्याचा बीओडी लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत राहण्याची आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू. आकडा जितका मोठा, तितकं पाणी अजून कच्चं.

आता जमिनीकडे येतो, कारण आमच्याकडे खरी फसगत तिथेच होते. पैनगंगेच्या अलीकडची काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. मेमध्ये तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. या दिवसांत शोषखड्डा खणून पाणी ओतलं, तर ते गटागट जातं आणि गवंडी म्हणतो, बघा, कसा पितोय! (तेलुगू शेजारी शोषखड्ड्याला इंकुडु गुंता म्हणतात, सरकारी फलकावरही तेच नाव.) पाणी मातीनं प्यायलेलं नसतं, ते भेगेतून पळालेलं असतं. मृगाचे दोन पाऊस पडले की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि श्रावणात तोच खड्डा डबकं होऊन बसतो. म्हणून शोषणाची चाचणी श्रावणात करायची. उन्हाळ्यातच करणं भाग असेल, तर खड्ड्यात दोन-तीन दिवस सतत पाणी भरून ठेवून माती आधी फुगू द्यायची.

चाचणी सोपी आहे. शोषखड्डा जेवढा खोल होणार, तेवढ्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचं भोक घ्या. तळाला दोन बोटं खडी टाका. रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर 15 सेंटिमीटर पाणी भरा आणि दर अर्ध्या तासानं पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजून पुन्हा तेवढंच भरा. असं चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाची उतरण खरी धरायची. समजा ती दीड सेंटिमीटर आली, तर अडीच सेंटिमीटर उतरायला 50 मिनिटं लागली. हा आकडा 30 मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. 30 ते 60 असेल तर खड्डा नको, उथळ लांब चर काढून पाणी पसरवा. 60 च्या वर गेला तर जमिनीचा नाद सोडा आणि गाळणीकडे किंवा कर्दळीच्या वाफ्याकडे वळा.

पण पाणी फार भराभर गेलं, तर तेही पास नव्हे. काळ्या थराखाली मुरूम लागतो आणि त्यातून पाणी गाळलं न जाता थेट विहिरीकडे धावतं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, असा तो ‘मॅजिक पिट’. तो बघून आमच्याकडेही कित्येकांनी केले. ते खड्डे मोरीच्या आणि धुण्याच्या पाण्यासाठी आहेत, हे मात्र नक्कल करताना विसरलं जातं. त्यात संडासाचं पाणी सोडलं की डास जातील आणि कावीळ येईल.

काळ्या जमिनीचा दुसरा खोडसाळपणा म्हणजे ती टाकीलाही हलवते. एका पावसाळ्यात फुगून आणि एका उन्हाळ्यात आक्रसून ती पाइपाचा उतार बदलते, भिंतीला केसाएवढी चीर पाडते. म्हणून टाकी वापरात आणण्याआधी पाण्यानं भरून एक दिवस भिंतींना पिऊ द्या, पातळी पुन्हा पुरी करा आणि पुढच्या 24 तासांत किती उतरते ते बघा. एखाद-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली तर गिलावा पुन्हा. पहिला पावसाळा गेल्यावर हीच तपासणी दुसऱ्या रीतीनं करता येते: रात्री घरातला सगळा वापर थांबवून सकाळी पातळी बघायची.

पावसाळ्यात चीर उलटी वागते. बाहेरचं पाणी टाकीत शिरतं, मैलापाणी पातळ होतं आणि प्रयोगशाळेचा अहवाल देखणा येतो. शुद्धीकरण झालेलं नसतं, फक्त पाणी वाढलेलं असतं. ही लबाडी पकडायला घरातलं एक साधन पुरतं. आरओवाला पाणी तपासायला वापरतो तो पेनासारखा टीडीएस मीटर. विरघळलेले क्षार अशा यंत्रणेत फारसे कमी होत नाहीत, आत जितके तितकेच जवळपास बाहेर. म्हणून आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 900 आणि बाहेरच्याचा 500 दिसला, तर आनंदू नका, पावसाचं पाणी कुठून शिरतं ते शोधा.

त्याच मीटरनं पाणी टाकीत खरोखर किती वेळ थांबतं हेही कळतं. अर्धा किलो मीठ दोन बादल्या पाण्यात विरघळवून आतल्या तोंडाशी ओता. घाईनं एकाच तांब्यात घोळून ओतलं तर जड मिठवणी तळाला बसते, म्हणून दोन बादल्या. मग नेहमीसारखा वापर चालू ठेवून दर तासाला बाहेरच्या पाण्याचा टीडीएस वहीत लिहा. टाकी नीट असेल तर आकडा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, दीड-दोन दिवस लागतात. दोन तासांतच एकदम उसळला, तर पाणी टाकीत न थांबता तोंडातून तोंडात जातंय. बहुधा आतला टी पाइप गळून पडला असतो किंवा मधली आडवी भिंत फुटलेली असते. एवढ्या मिठानं जीवाणू मरत नाहीत, निर्धास्त राहा. संडासात बाटलीभर ॲसिड ओतून घासण्याचं काय होतं, तो प्रश्न वेगळा. ते त्यांना सोसत नाही.

ब्लोअरचा संच असेल तर हवेच्या कप्प्यातलं पाणी लिटरच्या पारदर्शक मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी यायला हवं. गाळ पात्राच्या पावपासून चार दशांशापर्यंत असला तर प्रकृती ठीक. गाळ जवळजवळ नाहीच, तर जीवाणू रुजलेले नाहीत किंवा मेले. पात्र भरून गाळ आणि तो बसायलाच तयार नाही, तर जादा गाळ काढायची वेळ झाली. रंग काळा आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर हवा पोचत नाही, आधी ब्लोअरचा फिल्टर झटका.

कुठल्याही प्रकारच्या यंत्रणेला चालणारी, फुकटातली आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक चाचणी म्हणजे बंद बाटली. काचेची स्वच्छ बाटली बाहेरच्या पाण्यानं काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका, झाकण घट्ट लावून पाच दिवस कपाटात सावलीत ठेवा. मग उघडून वास घ्या. पाणी पुरतं शुद्ध झालेलं असेल तर ओल्या मातीसारखा वास येतो किंवा काहीच येत नाही. कच्चं असेल तर उरलेली घाण बाटलीतला प्राणवायू संपवते आणि झाकण उघडताच कपाळावर आठी पडते. बीओडीचा आकडा यातून मिळत नाही, पण महिन्यातून एकदा केली तर यंत्रणा सुधारतेय की बिघडतेय हे कळतं. जानेवारीत ही बाटली जरूर भरा. आमच्याकडे थंडीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि मेमध्ये 44-45 पर्यंत चढतो. जीवाणू गारठ्यात मंदावतात, त्यामुळे मुंबई-हैदराबादच्या हवेत उत्तम चाललेला संच इथे पुष्य महिन्यात नापास होऊ शकतो.

प्रयोगशाळेत वर्षातून तीनदा गेलं तरी पुरे: जानेवारी, मे आणि ऑगस्ट. नमुना घेण्यातच निम्मी परीक्षा बिघडते, म्हणून जरा सावकाश सांगतो. डबक्यात बाटली बुडवू नका, पाइपातून पडती धार धरा. पाइपाच्या तोंडाशी साचलेला चिकट थर आधी वाहून जाऊ द्या. एकाच वेळचं पाणी म्हणजे एका वेळची गोष्ट, म्हणून सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी थोडं-थोडं पाणी घेऊन एका भांड्यात बर्फात साठवा, वाहतं जास्त असेल तेव्हा जास्त घ्या. त्यातलं लिटरभर बीओडी आणि गाळासाठी. जंतूंच्या चाचणीला मात्र ही मिसळ चालत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटली एकदाच, निघायच्या आधी भरायची. आत येणाऱ्या पाण्याचाही नमुना हवा, नाहीतर टाकीनं किती कमावलं हे कळणार नाही. आत आलेलं पाणी बाहेर पडायला दिवस-दोन दिवस लागतात, तेव्हा आतला नमुना आधी घ्या आणि बाहेरचा तेवढ्या अंतरानं.

नमुना बर्फाच्या डब्यात, अंधारात आणि शक्यतो सहा तासांत पोचवायचा. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत पहाटे निघालेली गाडी कचेऱ्या उघडायच्या सुमाराला नागपुरात असते, म्हणून मी नागपूरच्या बाजूचा. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, 1958 पासून तिथेच आहे आणि वनस्पतींच्या वाफ्यातून सांडपाणी शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ पद्धत तिनंच विकसित केली. खासगी प्रयोगशाळा निवडली तर एनएबीएल मान्यता त्या-त्या चाचणीसाठी आहे ना, ते विचारा. आणि शनिवारी नमुना नेऊ नका. आपल्याकडे बीओडी 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात, मधे रविवार आला की तो नमुना फ्रिजमध्ये शिळा होतो.

अहवाल हाती आला की काय बघाल? केंद्र सरकारनं 13 ऑक्टोबर 2017 ला सांडपाणी प्रकल्पांसाठी काढलेल्या अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी 30, तरंगता गाळ 100 मिलिग्रॅम आणि मैलाजन्य कोलिफॉर्म जंतू दर 100 मिलिलिटरला 1000 च्या आत, अशा मर्यादा आहेत. त्या मोठ्या प्रकल्पांसाठी आहेत, तुमच्या परसातल्या टाकीवर कुणी खटला भरणार नाही, पण मोजपट्टी म्हणून याच धरा. नुसती सेप्टिक टाकी त्यात बसत नाही, बसण्याची अपेक्षाही नको. ती बीओडी तीस-चाळीस टक्क्यांनी आणि गाळ साठ-सत्तर टक्क्यांनी कमी करते. आत बीओडी 280 आणि बाहेर 180 आला, तर टाकीनं आपलं काम केलं, पुढचं काम गाळणीचं.

टक्क्यांना मात्र भुलू नका. ‘99 टक्के जंतू नष्ट’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. कच्च्या मैलापाण्यात दर 100 मिलिलिटरला एक कोटी कोलिफॉर्म सहज असतात. त्यातले 99 टक्के गेले तरी लाखभर उरतात, मर्यादेच्या शंभरपट. झाडाच्या मुळाशी द्यायला चालेल, कोथिंबिरीवर शिंपडायला नाही. क्लोरीन वापरत असाल तर मिसळल्यावर अर्ध्या तासानं तपासणी-संचात थोडा तरी रंग उरला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच संपतं, तेव्हा आधी गाळ.

एक चाचणी टाकीची नव्हे, विहिरीची. शोषखड्डा आणि पिण्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट अंतर असावं. नसेल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासणीच्या बाटल्या मिळतात का बघा. बोअरचं पाणी त्यात भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि पाणी काळं पडलं, तर मैल्याचा संशय. प्रयोगशाळेत नायट्रेटही विचारा, पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शेतातलं खत हेही कारण असू शकतं, पण नायट्रेट आणि जंतू दोन्ही निघाले तर खड्ड्याकडेच बघा.

गाळ मोजायला लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडा, थोडं थांबून काढा. जेवढ्या उंचीपर्यंत काळा रंग चढला तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला लागला की उपसा टँकर बोलवा. झाकण उघडून वाकू नका, विडी पेटवू नका आणि कुणालाही, दुप्पट पैसे घेऊन तयार असला तरी, आत उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस ओरडायच्या आत पडतो, वाचवायला उतरलेला दुसराही. 2013 च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, काम सांगणाऱ्या घरमालकासाठीही.

नवा संच घेत असाल, तर सौदा ठरतानाच एक ओळ लिहून घ्या: शेवटचा हप्ता बसवल्याच्या दिवशी नाही, येत्या जानेवारीत घरात माणसं भरलेली असताना घेतलेल्या नमुन्याचा अहवाल आल्यावर. विकणारा कुरकुरेल. त्याला ग्लासात पाणी धरून दाखवायची सवय आहे.